चिमणीचं पार्लर

मांजरीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून सर्जेरावांची जागा आहे. त्यांच्या उसाच्या रानातला मोठा भाग बिल्डरकडे गेला, त्यावर आम्ही राहतो. उरलेल्या पट्ट्यावर ते राहतात. साखरेच्या प्रयोगशाळेतून मी निवृत्त झाले तेव्हापासून रोज संध्याकाळी किटली घेऊन त्यांच्याकडे जाते. मी फारशी बोलत नाही. त्यांच्या घरी त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण त्यांच्या पत्नी सरुबाई दोघींच्या वाटणीचं बोलतात. अर्थात घरात पुरुषमाणूस नसेल तेव्हाच.

रस्त्याकडेला त्यांचे दोन गाळे आहेत. एकावर ‘सर्जेराव दूध पार्लर’ अशी पाटी, शेजारच्यावर ‘तनुजा ब्यूटी पार्लर’. तनुजा ही त्यांची सून. मुलगा इंद्रजीत हिंजवडीच्या कंपनीत आहे, पण कंपनीच्या बसमध्ये आयुष्य जातंय असं मोजून पाहिल्यावर त्याने घरून काम करायची परवानगी मिळवली. घरी बसल्यावर त्याचं लक्ष गाळ्यांमागच्या गोठ्याकडे गेलं. महिन्याभरात गोठ्याला फरशी बसली, लोखंडी कठडे लागले, दूध काढायचं यंत्र आलं आणि दारावर तिसरी पाटी चढली: ‘मिल्किंग पार्लर’.

सरुबाईंनी मला गाठलं. “मॅडम, एका घरात तीन पार्लर. एकात दूध इकत्यात, एकात भुवया कोरत्यात, आन आता एकात म्हशी पिळणार. मग पार्लर म्हंजे नेमकं काय?”

मला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीवर अंदाज ठोकायची मला सवय नाही, म्हणून घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. मूळ शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ बोलणं. मौन पाळणाऱ्या साधूंच्या मठात एक खोली असायची, तेवढ्या खोलीत बाहेरच्या माणसांशी बोलायची मुभा. ती खोली म्हणजे पार्लर. पुढे इंग्रजांनी तो शब्द घरातल्या बैठकीला दिला, जिथे चांगल्या खुर्च्या असतात आणि घरातल्यांना बसू देत नाहीत. मग दुकानदारांना वाटलं, गिऱ्हाइकाला आपण पाहुणे आहोत असं वाटलं तर तो पैसे काढताना कुरकुर करणार नाही. म्हणून आइस्क्रीमचं पार्लर, केसांचं पार्लर. शब्दातलं बोलणं गेलं, मग बसणंही गेलं, आणि शेवटी तो गोठ्यात येऊन उभा राहिला. अमेरिकेत अंत्यविधीच्या दुकानालाही पार्लर म्हणतात.

सरुबाईंनी एवढ्यातलं शेवटचं तेवढं उचललं. “म्हंजे मेल्यावर पण सुटका न्हाई,” असं म्हणून त्या धारेला गेल्या.

यंत्र बसवायला कंपनीचा साईनाथ नावाचा मुलगा आला होता. नम्र, गळ्यात टाय, बोलणं इतकं हळू की यंत्राचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा. त्याने सांगितलं, जनावराला शांतता लागते. धारेच्या वेळी कुणी बोलू नये, बासरी लावली तर उत्तम. इंद्रजीतने बासरी लावली. सर्जेरावांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: ‘येथे बोलू नये. म्हशींना बोलता येत नाही, म्हणून त्या तक्रार करीत नाहीत. तुम्ही त्याचा फायदा घेऊ नये.’

चार म्हशींपैकी तिघींनी यंत्राला काही हरकत घेतली नाही. चौथी चिमणी. गोठ्यात सगळ्यात थोराड म्हैस तीच, आणि निम्मं दूध तिचं. तिने पान्हा चोरला. यंत्राच्या नळ्या सडांना लावल्या की ती डोळे अर्धे मिटून रवंथ करायची, जणू हा सगळा प्रकार शेजारच्या म्हशीच्या बाबतीत चाललाय. सरकी पेंड वाढवून झाली. पारडू समोर आणून झालं. ते आता कडबा खाण्याइतकं मोठं होतं आणि त्याला आईत रस नव्हता. दृष्टही काढून झाली, आणि ती काढताना मिरचीच्या धुराने साईनाथला ठसका लागला तेवढाच काय तो परिणाम.

शेवटी सर्जेरावांनी निकाल दिला. रविवारी साईनाथ आसपासच्या गवळ्यांना यंत्र दाखवायला घेऊन येणार होता. चार लोकांत शोभा नको. “ऐतवारी पान्हवली तर ठीक. न्हाईतर सोमवारी बाजाराला.”

सरुबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, कारण समोर नवरा, मुलगा आणि साईनाथ असे तिघे होते. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या किटलीत दूध ओतलं आणि झाकण लावायचं विसरल्या. चिमणीची आई त्यांच्या माहेराहून आली होती.

मी सर्जेरावांना म्हटलं, एकाच वेळी फार गोष्टी बदलल्या आहेत: फरशी, कठडा, यंत्र, बासरी, सगळंच. एकेक मागे घेऊन पाहू या. ते म्हणाले, “मॅडम, ही म्हैस हाय, तुमची साखर न्हाई.” पण पर्याय नव्हता. आम्ही चिमणीला जुन्या जागी मातीवर बांधलं. पान्हा नाही. यंत्र काढून सरुबाईंना हाताने धार काढायला बसवलं. पान्हा नाही. बासरी बंद केली. सगळे गप्प उभे राहून बघत होतो. पान्हा नाही. जुन्या गोठ्यातल्या सगळ्या गोष्टी परत आल्या होत्या, तरी काहीतरी कमी होतं. मी विचारलं, पूर्वी धार काढताना इथे आणखी काय असायचं?

“काय न्हाई,” सरुबाई म्हणाल्या. “मी आन ही.”

“आणि तुमचं बोलणं,” तनुजा दारातून म्हणाली.

सरुबाईंना ते पटलं नाही. आपण गोठ्यात बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग पुरुषांना बाहेर पाठवल्यावर जरा आठवून त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे आप्पासाहेब होते. त्यांच्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, आणि ते दिवसभर घरात. आप्पासाहेबांना शेणाचा वास सोसत नसे, त्यामुळे गोठा तेवढा मोकळा. दिवसभराचं साठलेलं सरुबाई तिथे म्हशीजवळ ओतायच्या. आप्पासाहेब भिंतीवर फोटोत गेले, पण सवय राहिली. चिमणी पारडू होती तेव्हापासून हेच ऐकत आली होती.

मी त्यांना बोलायला सांगितलं. समोर मी आणि तनुजा असल्यामुळे त्या आधी हवापाण्याचंच बोलल्या, मग विहिणीच्या पाटल्यांवर घसरल्या, आणि चिमणीने पान्हा सोडला.

मी म्हटलं, एका म्हशीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण मनातून मला फार बरं वाटलं.

अडचण अशी की रविवारी येणाऱ्यांत गेनबा होते. सर्जेरावांचे चुलते, फेटेवाले, गावात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्यासमोर सरुबाईंनी लग्नापासून एक अक्षर काढलेलं नव्हतं आणि आता एका म्हशीपायी काढणार नव्हत्या. मन वळवायचा प्रयत्न झाला. सरुबाई म्हणाल्या, जीभच उचलत नाही, मी काय करू.

इंद्रजीतला उपाय सुचला. त्याने आईचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि गोठ्यातल्या स्पीकरवर लावलं. पहिल्या धारेला चिमणी झकास पान्हवली. दुसऱ्या धारेला निम्मी. तिसऱ्या धारेला तिने मान वळवून स्पीकरकडे एकदा पाहिलं आणि शेपटी मारली.

“तेच तेच कोण ऐकंल?” सरुबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

तेव्हा ठरलं की रविवारसाठी ताजं रेकॉर्डिंग करायचं, आणि ते चिमणीच्या कानाशी, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू लावायचं. शनिवारी दुपारी सरुबाईंना फोन देऊन चिमणीजवळ एकटीला सोडलं. बऱ्याच वेळाने त्या मोकळ्या चेहऱ्याने बाहेर आल्या. इंद्रजीतने ते ऐकून पाहिलं नाही. आईचं बोलणं ऐकून पाहायची त्याला सवय नव्हती.

रविवारी गोठा भरला. गेनबा खुर्चीवर, बाकीचे गवळी कठड्याला टेकून, साईनाथ यंत्रापाशी, सर्जेराव पाटीखाली. सरुबाई पदर कपाळापर्यंत ओढून कोपऱ्यात, आणि मी त्यांच्याजवळ किटलीसह. सगळे पाटीचा मान राखून गप्प होते. साईनाथने चिमणीला नळ्या लावल्या. इंद्रजीतने फोनवर बोट ठेवलं.

आवाज आला नाही. त्याने आवाज वाढवला. चिमणी रवंथ करत राहिली. त्याने आणखी वाढवला, मग पूर्ण वाढवला. तेव्हा भिंतीपलीकडून, ब्यूटी पार्लरच्या बाजूने, सरुबाईंचा आवाज येऊ लागला. तनुजाच्या दुकानातला स्पीकर त्यानेच बसवून दिला होता, आणि फोनने आपल्या जुन्या ओळखीचा स्पीकर धरला होता. भिंतीमुळे शब्द कळत नव्हते. सूर मात्र कळत होता. सरुबाईंनी माझा दंड धरला.

पलीकडे काय ऐकू आलं ते तनुजाने मला नंतर सांगितलं. खुर्चीत आमच्या सोसायटीच्या अध्यक्षा राजनंदिनीताई होत्या. चेहऱ्यावर लेप लावलेला, आणि तो वाळेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर भेगा पडतात. सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. त्यांच्या भुवया इतक्या वर गेल्या आहेत की ती बाई झोपेतसुद्धा ‘दूध पातळ का’ असं विचारत असणार, असं सरुबाई चिमणीला सांगत होत्या. मग विषय सुनेकडे वळला.

गोठ्याचं दार उघडलं. पुढे तनुजा, दातांत दोऱ्याचं टोक धरलेलं. मागे राजनंदिनीताई, चेहरा हिरवा. त्या सरुबाईंकडे बोट दाखवत होत्या, मग स्वतःच्या भुवयांकडे, मग चिमणीकडे. पण लेप वाळत आला होता आणि त्यासाठी पैसे भरले होते, त्यामुळे तोंड उघडलं नाही. एक गवळी नमस्कार करून बाजूला झाला.

तनुजाने तोंडातला दोरा काढला. “आई, साऱ्या सोसायटीच्या भुवया करते, पण तुम्हाला कधी बसा म्हटलं नाही, असं म्हणालात तुम्ही. मला का नाही सांगितलं?”

सरुबाईंनी गेनबांकडे पाहिलं आणि पदर आणखी ओढला.

“म्हशीला सांगितलंत, मला नाही.” तनुजा दोरा बोटाला गुंडाळत होती. “मला वाटायचं, तुम्हाला माझं दुकान आवडत नाही. एकदा तरी आत आलात का?”

गोठ्यात इतकी शांतता झाली की साईनाथच्या कंपनीला फोटो पाठवावा. चिमणीने रवंथ थांबवला. सोमवारचा बाजार सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होता, पण मला वाटतं, सरुबाईंना त्या क्षणी चिमणीचाही विसर पडला होता.

“म्हैस मधी बोलत न्हाई,” सरुबाई म्हणाल्या.

तनुजा म्हणाली, “मग मीपण नाही बोलणार. सांगा.”

आणि सरुबाईंनी सांगितलं. सुरुवात हळू होती. आत कशी येऊ, पाय शेणाचे, फरशी तुझी पांढरी. मग आवाज उचलला. स्वतःच्या लग्नात भुवया कुणी कोरल्या नाहीत इथपासून निघून त्या आप्पासाहेबांवर आल्या, तिथून सर्जेरावांवर, तिथून पाटीवर. माझ्या गोठ्यात मलाच बोलू नको म्हणून लिहिता, असं त्या नवऱ्याला तोंडावर म्हणाल्या, आणि गोठ्याच्या मालकाने छपराकडे पाहिलं.

मी यंत्राकडे बघत होते. माझं शिक्षण तसं आहे. काचेच्या भांड्यात आधी एक पांढरी रेघ आली. मग दूध धो धो यायला लागलं. साईनाथ “आलं, आलं” म्हणत होता, पण इतक्या हळू की कुणाला ऐकू गेलं नाही.

गेनबा खुर्चीवर पुढे सरकले. “सर्जा, आपली सून बोलती व्हय? मला इतकी वर्सं वाटत हुतं, मुकी हाय.”

“मामंजी, तुमी कदी इचारलंय?” सरुबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. भांडं भरलं.

राजनंदिनीताई त्या सुमारास हसल्या असाव्यात, कारण त्यांच्या गालावर मोठी भेग पडली. लेपाचे पैसे तनुजाने परत दिले.

सोमवारी बाजाराला कुणी गेलं नाही. सर्जेरावांनी जुनी पाटी उतरवून तिच्याच पाठीवर नवी रंगवली: ‘येथे बोलावे. शांतता हवी असल्यास आपल्या घरी बसावे.’ सरुबाईंच्या भुवया तनुजाने गोठ्यातच केल्या, धारेच्या वेळी, कारण दोघींना त्याच वेळी मोकळीक असते. चिमणीने नव्या भुवयांकडे बराच वेळ पाहिलं. आवाज ओळखीचा निघाला तेव्हा ती स्वस्थ झाली. गेनबा हल्ली संध्याकाळी येऊन बसतात आणि सरुबाईंकडून ऐकून घेतात. इतक्या वर्षांचं बरंच उरलेलं आहे.

परवा मी गेले तेव्हा सरुबाई आणि तनुजा लग्नाला गेल्या होत्या. इंद्रजीत एकटा यंत्रापाशी उभा होता आणि चिमणी आटल्यासारखी. “मॅडम, प्लीज, काहीतरी बोला ना,” तो म्हणाला. “बाईचा आवाज लागतो.”

मला पटकन सुचेना. मग जे नक्की माहीत होतं ते सांगायला लागले. पार्लर हा शब्द मूळचा फ्रेंच. मौन पाळणाऱ्या साधूंच्या मठात एक खोली असायची. ती पुढे बैठकीची झाली. भांड्यात थोडं दूध आलं होतं. मी उत्साहाने आइस्क्रीमपर्यंत पोहोचले.

तिथे दूध थांबलं.

“विहिणीच्या पाटल्यांचं काही माहीत आहे का तुम्हाला?” इंद्रजीतने विचारलं.

मी किटली खाली ठेवली आणि जे काही ऐकलं होतं ते चिमणीला सांगितलं.