बहगतने माशाल्ला म्हटलं नाही

खरं सांगतो, मला बहगतचा राग नाही येत. हेवा वाटतो. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झालो असतो.

बहगत माझा मावसभाऊ. मन्सूरा शहरात आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहतो. महिन्यापूर्वी त्याने नवी पांढरी गाडी घेतली. गल्लीत मेंढा कापला, रक्तात हात बुडवून बॉनेटवर पंजा उमटवला, घरोघर मटण वाटलं. मीही खाल्लं. चांगलं होतं. तेसुद्धा मला सहन झालं नाही.

गुरुवारी माझ्या बहिणीचं, निहालचं लग्न. वरातीत नवरी कुणाच्या गाडीत बसणार? सख्खा भाऊ मी. पण माझ्याकडे बाबांची जुनी फियाट. इंजिन ठणठणीत, तोंड मात्र बघवत नाही. पुढच्या जाळीचा रंग उडून ती पार करडी पडलेली.

निहाल म्हणाली, "बुधवारी सांगते कुणाची ते."

"यात सांगायचंय काय?"

"फोटो आयुष्यभर राहतात रे वगदी."

झालं. बुधवारी सकाळीच जाळी काढली आणि गच्चीवर नेली. भांड्याच्या साबणाने घासली, पॉलिश पेपर मारला, दोन खुर्च्यांवर आडवी टाकली. प्रायमर मारला, वाळू दिला, मग काळा चकचकीत स्प्रे. पातळ हात मारायचा, थांबायचं, परत मारायचा. सगळं मोबाईलवर बघून शिकलो. तिसऱ्या हाताला तर एकेका पट्टीत आभाळ दिसायला लागलं.

तेवढ्यात बहगत वर आला. टीव्हीची डिश हलवायला.

"काय इंजिनियर! तू केलंस हे? एकट्याने?"

"नाही, तुझी आई आली होती मदतीला."

तो हसला. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "एक नंबर झालीय. दुकानातून आणल्यासारखी. शपथ." डिश सरळ केली आणि गेला.

माशाल्ला म्हटलं नाही.

नजर लागू नये म्हणून म्हणतात, तेवढंच राहिलं. मी धावत खाली. "आई, बहगतने जाळीचं एवढं कौतुक केलं आणि माशाल्ला म्हटलं नाही."

आईच्या हातातला चमचा थांबला. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

आता खरं काय ते सांगतो. बहगत विसरभोळा आहे, मला माहीत होतं. स्वतःच्या गाडीलाही म्हणत नाही तो. पण त्याची नजर लागावी असं काहीतरी माझ्याकडे आहे, यातच मला इतकं बरं वाटत होतं की ते सोडवेना.

"आई, धुरी दे तिला."

"ओली आहे ना रे ती?"

"असू दे. तू दे."

आई धुपाटणं घेऊन आली. निखारे, धूप, तुरटीचा खडा. कागदाची बाहुली कापली आणि टाचणीने टोचत नावं घ्यायला लागली. "सनियाच्या डोळ्याला, सनियाच्या पोराच्या डोळ्याला..."

"अगं, सनिया मावशी तुझी सख्खी बहीण ना?"

"म्हणून तर तिचं नाव पहिलं घेतलं."

मग बाहुली निखाऱ्यावर टाकली आणि जाळीभोवती धुपाटणं फिरवायला लागली. गच्चीवर वारा. जळक्या कागदाची राख उडाली आणि अलगद जाऊन रंगावर बसली.

"आई, थांब! थांब!"

"मधे बोलू नकोस. पाचवा फेरा आहे."

सातही पुरे केले तिने. सिमीत पावाच्या गोल कडीवर तीळ असतात तशी जाळीवर राख. मी एक कण बोटाने उचलायला गेलो तर लांबच लांब फराटा उठला.

"बघितलंस?" आई म्हणाली. "केवढी जबरदस्त नजर होती."

आवाज ऐकून निहाल वर आली. दोन्ही हातांना मेंदी, त्यामुळे हात पुढे धरून, झोपेत चालल्यासारखी. जाळी बघितली. माझ्याकडे बघितलं. मग जिन्यात वाकून हाक मारली, "बहगत!"

"त्याला कशाला?"

"मग उद्या राख मिरवत नेऊ का?"

तो बादली आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन आला. झाला प्रकार ऐकून खाली बसून हसला. "धुरी? ओल्या रंगाला?"

"तू आधी माशाल्ला म्हण," आई म्हणाली.

"माशाल्ला मावशी, हजार वेळा माशाल्ला."

"आता काय उपयोग!"

"उन्हात नीट वाळू दे," तो मला म्हणाला. "मग पाणी लावून घासू. संध्याकाळच्या आत होईल. नवरीची गाडी आहे, घाई नको."

"नवरीची गाडी? अजून कुठे ठरलंय?"

निहाल आणि तो एकमेकांकडे बघायला लागले.

"सोमवारीच ठरलं," निहाल म्हणाली. "हाच म्हणाला, सख्ख्या भावाची गाडी असताना माझी कशाला. तुला सांगितलं असतं तर तू जाळी रंगवली असतीस का?"

मी जिंकलो होतो. आणि तेसुद्धा त्याच्यामुळे. गाडी नवी, हात सढळ, आणि वर मनानेही चांगला. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही त्याने.

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघांनी घासलं. राख गेली, फराटा गेला. बहगतने स्प्रेचा डबा हलवून माझ्यापुढे धरला. "मार शेवटचा हात."

मी डबा परत त्याच्याकडे सरकवला. का ते मला माहीत होतं. "तूच मार," मी म्हटलं.

तो मारायला लागला. डावीकडून उजवीकडे, एका लयीत, कुठे न थांबता. मी शेजारी उभा राहून एकेक पट्टी बघत होतो. कुठेतरी रंग जास्त व्हावा, एखादा तरी ओघळ यावा, असं मनापासून वाटत होतं. माझ्याच गाडीवर, माझ्याच बहिणीच्या लग्नात.

एकही आला नाही.