सोवळ्याच्या खोलीत सापडलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. माझ्या गोष्टीत एक मुलगी नाहीशी होते आणि तिची मैत्रीण तिला शोधायला निघते. सुरुवातीला माझे फार लाड झाले. मग बदली होऊन बनारसला आलेल्या एका बँकवाल्याच्या ट्रंकेतून मी इथे आले. परत जाताना त्याने मला अहिल्याबाई घाटाजवळच्या छोट्या मराठी वाचनालयात टाकलं. हो, टाकलंच. तिथली मंडळी पंचांग बघायची, चहा प्यायची आणि हल्लीची मुलं मराठी वाचत नाहीत म्हणून उसासे टाकायची. माझ्यावरची धूळ झटकावी, असं मात्र एकालाही वाटलं नाही.

मला हात लावला तो बकुळने. बकुळ म्हणजे ढुंढिराज गुरुजींची मुलगी, नववीतली. तिची जिवलग मैत्रीण ईशानी. ईशानीचे वडील विश्वजीत रेल्वेत अधिकारी होते. ईशानीला मराठी बोलता यायचं, पण वाचताना ती अडखळायची. म्हणून बकुळ मोठ्याने वाचायची आणि ईशानी ऐकायची. "अरे यार, पुढे वाच ना, रुकू नको," असं ती म्हणाली की मला धन्य वाटायचं. त्यांचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

त्याच उन्हाळ्यात ईशानीला परगावी कोचिंगच्या हॉस्टेलवर धाडायचं ठरलं. तिला जायचं नव्हतं, पण विचारतो कोण? गाडीच्या दिवशी दुपारी तिने मला पोटाशी धरलं आणि ती बकुळच्या घराच्या मागच्या जिन्यात आली. हा जिना खाली घाटावर उतरतो आणि वर गुरुजींच्या सोवळ्याच्या खोलीकडे जातो. गुरुजींची पूजेची धूतवस्त्रं आणि रेशमी कद त्या खोलीत वाळतात. अंघोळ करून सोवळ्यात असल्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकत नाही. आपल्याला इथे कोणी शोधणार नाही, हे ईशानीला पक्कं ठाऊक होतं. तिने शिरस्त्याप्रमाणे चपला जिन्यातच काढल्या, आत आली आणि दार लोटून घेतलं. गाडी सुटेपर्यंत लपायचं, एवढाच तिचा बेत होता.

थोड्या वेळाने गुरुजींची बहीण शरदिनीआत्या जिना चढून आली. दार किलकिलं दिसलं. ती बाजारातून आलेली, म्हणजे ओवळी. म्हणून तिने कपडे वाळत घालायच्या काठीने बाहेरूनच कडी सरकवली. आत डोकावलीसुद्धा नाही, अंधाऱ्या जिन्यातल्या चपलाही तिला दिसल्या नाहीत. आत्या घरी सांगेल या भीतीने ईशानी गप्प राहिली.

त्या खोलीला खिडकी नाही. उकाडा आणि धुपाचा वास नुसता कोंडलेला. ईशानीला दमा आहे आणि तिचा पंप घरी राहिला होता. धाप लागली तेव्हा ओरडायला तिच्यात श्वास उरला नाही. ती माझ्या पुठ्ठ्याने दारावर थापा मारत राहिली. माझे कोपरे मोडले, त्याचं मला काही नाही. पण बाहेरच्या गलक्यात त्या थापा कोणालाही ऐकू गेल्या नाहीत, याचं आहे.

गलका कसला? तर जिन्यात तिच्या चपला सापडल्या होत्या. झालं! पोरगी नदीत गेली म्हणून सगळे घाटाकडे धावले. नावाडी पाण्यात गळ टाकू लागले. शेजारची एक बाई म्हणाली, "किसी लड़के का चक्कर होगा." विश्वजीत बकुळवर खेकसले, "तुला सब मालूम आहे! असली पुस्तकं वाचून बिघडलात तुम्ही दोघी!"

बकुळ त्या दिवशी बाजूला बसली होती. या घरात पाळीच्या दिवसांत मुलीने कोपऱ्यातल्या चटईवरून हलायचं नसतं. ती तिथूनच म्हणाली, "काका, घाटावर जाताना ईशानी चप्पल काढत नाही. दगड तापलेत, पाय जळतात. ती वर सोवळ्याच्या खोलीत गेली असणार."

"त्या दाराला मीच कडी लावली आहे," आत्या म्हणाली. "तू आपली बैस तिथे."

बकुळ उठली आणि धावत वर गेली.

"अगं शिवू नकोस! आत दादाचं सोवळं आहे!" आत्या किंचाळली.

कडी निघाली. ईशानी उंबऱ्यावर कोसळली. तिचे ओठ निळे पडले होते. बकुळने तिला कवटाळलं. "काका, पंप! पहले पंप आणा!" ती ओरडली, तेव्हा कुठे विश्वजीत हलले. दवाखान्यात ईशानीचा श्वास ठिकाणावर आला.

इकडे आत्या काय करत होती? कद पुन्हा धुवायला काढत होती. मी सोवळ्यात सापडले म्हणून माझ्यावर लोटाभर गंगाजल ओतलं. शुद्ध झाले म्हणे मी! माझी शेवटची पानं एकमेकांना चिकटली ती कायमची. मग मला रद्दीत फेकलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पेचकसाने स्क्रू काढून ती कडी उखडून टाकली. पण लेकीला एकदा शाबास म्हणायला त्यांचं काय जात होतं?

हॉस्टेल तूर्त टळलं. ईशानी घरी आली, त्या दिवशी बकुळने मला रद्दीतून ओढून काढलं.

"शेवट तर गेला," ईशानी म्हणाली. "आता ती मुलगी मिळते की नाही, कसं कळणार?"

"सापडते."

"तू आधीच वाचलंस?"

"नाही. तिची मैत्रीण शोधतेय ना."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्यातलं कोणी हरवलं, तर आधी बंद दार उघडा. कोण कोणाला शिवलं, ते मग बघा.