थोरलीने दुकान उघडलं

पोलीस चौकीचा फोन शेवटी लागला, तेव्हा थोरलीला पलीकडच्या माणसाची धाप आधी ऐकू आली.

"बाई, गाडी नाही, माणसं नाहीत. आमच्याच दारावर दगड पडताहेत. दारं लावा, आत बसा. आता आपापलं बघा."

"अहो, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे."

"सगळ्यांच्याच घरात कुणी ना कुणी आहे," म्हणत त्याने फोन ठेवला.

गिरणीच्या फाटकावर गोळीबार झाला, त्या दिवसापासून शहराचं डोकं फिरलं होतं. आधी मोर्चे निघाले, मग मोर्च्यांत भुरटे शिरले, आणि आता कोण कशासाठी रस्त्यावर उतरलंय हे उतरणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. थोरलीचा नवरा वारला त्यानंतर सासऱ्यांचं गाद्या-उशांचं दुकान तिनेच रेटलं होतं. खाली दुकान, वर घर. वर बाबा, म्हणजे सासरे, अर्धांगवायूने पडून होते. धाकटी जाऊ घरातच होती, पण दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. धाकटीचा नवरा कामासाठी परगावी गेला होता आणि रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकला होता.

दुपारी थोरली गच्चीवर गेली आणि कठड्याआडून बघत राहिली. चौकातल्या चपलांच्या दुकानाचं शटर जाडजूड होतं. जमावाने ते पहारीने ठोकलं, ते हललं नाही, तेव्हा चिडून फटीतून पेटती बाटली आत टाकली. समोरच्या कापडवाल्याचं शटर मात्र पहिल्याच धक्क्याला वाकलं होतं. तिथला माल गेला, एक चिंधी उरली नाही, पण इमारत शाबूत होती. थोरलीने पुढची दोन-चार दुकानं बघितली. तिथेही तोच प्रकार: शटर अडलं तिथे आग, उघडलं तिथे फक्त लूट.

ती खाली आली. दुकानात छतापर्यंत फोम रचलेला, मागे कापसाची पोती. एक काडी पुरली असती. जिना दुकानातूनच वर जायचा, अरुंद, मध्येच वळलेला. आजारपणात बाबांना वर न्यायला चार गडी लागले होते.

"दुकान उघडायचं," ती धाकटीला म्हणाली.

"जाऊबाई, भानावर आहात ना? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"माल जाईल. जाऊ दे. आग वर आली तर बाबांना घेऊन आपण कुठे जाणार?"

"मागच्या बोळातून…"

"बोळाच्या दोन्ही तोंडांना तेच लोक आहेत. बघून आले मी."

वरून धपधप आवाज आला. बाबा चांगल्या हाताने पलंगाची कड बडवत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. आजारानंतर त्यांच्या तोंडात दोन-तीनच शब्द उरले होते, त्यातला एक ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "नाही… नाही…"

थोरली क्षणभर जिन्याकडे बघत उभी राहिली. मग तिने पदर खोचला.

दोघींनी फोम ओढून पुढे आणला, म्हणजे तो आधी जाईल. टाकीचं पाणी बादल्यांनी आणून कापसाच्या पोत्यांवर ओतलं, गोधड्या भिजवल्या आणि जिन्याच्या दाराला आतून खालपासून वरपर्यंत लावल्या. एकमेकींना टोमणा न मारता इतका वेळ त्या कधीच एकत्र राबल्या नव्हत्या.

शेजारी काचवाला होता. आरसे, खिडक्यांच्या काचा, तसबिरींच्या चौकटी. बायको-मुलांना त्याने माहेरी धाडलं होतं आणि स्वतः लोखंडी कांब घेऊन दुकानात बसला होता. थोरलीने मधल्या भिंतीच्या झरोक्यातून हाक मारली.

"भाऊ, शटर वर करा आणि आमच्याकडे या. न्यायचं ते नेऊ दे त्यांना."

"काच कोण नेतंय, वहिनी? फोडतीलच." तो हसला. "मी पण बांगड्या भरलेल्या नाहीत. येऊ दे एकेकाला."

"एकेक येणार नाहीत ते."

"तुम्ही दार लावून घ्या," तो म्हणाला. पण दार लावायचंच नव्हतं.

गलका गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा थोरलीने शटर वर केलं आणि बाजूला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. धाकटी जिन्याच्या दाराआड, पाण्याच्या बादल्यांपाशी. पहिले आले ते थबकलेच. उघडं दुकान त्यांना अपेक्षित नव्हतं.

"घ्या," थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

मग झुंबड उडाली. डोक्यावर गाद्या, काखेत उशा. एकाने दोन उशा दाबून बघितल्या आणि कडक होती ती परत ठेवली, जणू बाजारहाटच चालला होता. मागच्याच महिन्यात मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरून नेणारा शिंपी तिला दिसला. त्याने मान खाली घातली, आणि तशीच खाली घालून गुंडाळलेला फोम उचलून नेला. शिवणयंत्रही गेलं. त्यावर तिचा हात होता. तो कुणीतरी बाजूला केला, तसा फार जोरात नाही.

शेवटी बाटली हातात असलेला एक जण आत आला. "बाकीचं पेटवा."

"वर म्हातारं माणूस आहे," थोरली म्हणाली. "हलता येत नाही त्यांना. बाकी काही उरलेलं नाही, बघा."

त्याने ओल्या पोत्याला लाथ मारली. पाणी उडालं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "चल रे, पुढचं बंद आहे!" तो गेला.

पुढचं काचवाल्याचं होतं. तो आतून शिव्या घालत होता, शटरवर कांब आपटत होता. बाहेरचे आधी हसले, मग चिडले. फटीतून पेटती बाटली आत गेली, काचा तडकल्याचा आवाज आला आणि त्याचं ओरडणं बदललं.

"मागचं दार!" धाकटी म्हणाली आणि ओल्या गोधड्या ओढत आधी तीच धावली.

मागचं दार त्यानेच आतून कडी, अडसर घालून बंद केलेलं. दोघींनी पाट्याने ते फोडलं, गोधड्या पांघरून आत शिरल्या आणि त्याला पाय धरून ओढत बाहेर आणलं. रुग्णवाहिकेला फोन लावला. कुणी उचललाच नाही. त्याला रिकाम्या दुकानाच्या फरशीवर निजवलं. अंगाखाली घालायला गादीच्या दुकानात एक गादी नव्हती. धाकटीने वर जाऊन स्वतःच्या साड्यांच्या घड्या आणल्या. तो पाणी मागत होता. बायकोला काही सांगू नका म्हणाला. उजाडायच्या आत गेला.

पोलीस आले ते सगळं विझल्यावर. हवालदाराने शटर खालीवर करून बघितलं.

"कुलूप तुटलेलं नाही."

"मी उघडलं."

"मग याला लूट कशी म्हणायची, बाई?"

"तुम्हीच म्हणाला होतात, आपापलं बघा. बघितलं."

तो वेगळा माणूस असावा. त्याला काही कळलं नाही.

गल्लीत मात्र बोललं गेलं. हिने दार उघडून त्यांना चटावलं, म्हणून ते पुढे सरकले, असं काचवाल्याची बायको म्हणत असल्याचं कानावर आलं. थोरली तिच्याकडे भेटायला गेली तर दार उघडलं नाही. धाकटीचा नवरा परतला आणि बायकोला म्हणाला, "निदान तू तरी अडवायचं होतंस." धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. "तुम्ही नव्हता तिथे," एवढंच ती म्हणाली.

बाबांनी थोरलीकडे बघणं सोडलं. दुपारी ती वरण-भात कालवून वर नेते, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करतात. ती घास हातात धरून बसून राहते. बऱ्याच वेळाने, मान न वळवता, ते तोंड उघडतात.