फितीचे सात तुकडे

कात्री तुम्ही चालवलीत. कुणाच्या बोटांनी धरली होती ते मला माहीत नाही, पण कागदावर सही तुमची होती आणि सहीखाली गोल शिक्का होता. म्हणून मी तुम्हालाच धरतो. तुमच्या रेडिओ स्टेशनचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे.

मी मायाप्पा. सोलापुरात भवानी पेठेत राहतो, कापडगिरणीत रातपाळीला साच्यावर, म्हणजे मागावर, आहे. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन भज्यांच्या कागदावर झालं. तेव्हा माझं शुद्धलेखन तपासत बसू नका, काय झालं ते वाचा.

आमच्या बोळात गौरम्मा राहायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची. नवरा लवकर गेला, मागं एकच लेक, जगदेवी. अठ्ठेचाळीस साली, सतराव्या वर्षी, ती पोरगी कुणाला न सांगता कोल्हापूरला गेली आणि सिनेमात लागली. आम्ही लिंगायत; गौरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि सगळ्या बोळासमोर शपथ घेतली, "हिचं तोंड बघणार न्हाय. जित्तेपणी न्हाय, मेल्यावर न्हाय." आमच्यात ती शपथ मोडत नाहीत.

स्टुडिओवाल्यांनी जगदेवीचं नाव बदलून कुमारी हेमांगी केलं. बोलणं कानडी वळणाचं, म्हणून आवाजही बदलला. पडद्यावर ओठ हिचे हलायचे, बोलायची दुसरीच कुणी बाई. तिचा पहिला सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा आमचा बोळ तीन-तीनदा बघून आला. गौरम्मा मात्र डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायची, कारण जवळच्या रस्त्यावर थिएटरच्या बोर्डावर लेकीचं दहा फुटी तोंड होतं.

दहा वर्षं नायिका. मग नायिकेची मैत्रीण, मग थोरली जाऊ, मग बोलावणंच बंद. एकोणसत्तर साली तुम्ही तिला घेतलंत. दर मंगळवारी दुपारी साडेबाराला बायकांसाठी अर्धा तास. तिथं ती जगूताई झाली आणि पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलली, "व्हय की गं" म्हणत. लोणच्याला बुरशी का येते, उभ्यानं काम करून पाय सुजले तर काय करावं, सासूला उलट न बोलता उलट कसं वागावं. आमच्या बोळातल्या बायका हसून लोळायच्या.

एकाहत्तरला मी ट्रान्झिस्टर घेतला. एका मंगळवारी गौरम्मा भाकरी द्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे माजं जगी हाय."

"व्हय अव्वा."

ती ट्रान्झिस्टरकडं न बघता भिंतीकडं बघत होती. "ह्यात तोंड दिसतंय का रं?"

"न्हाय की. नुसता आवाज."

"नक्की?"

"नक्की अव्वा. तोंडाला जागाच न्हाय त्यात."

"मग बसते," म्हणाली.

त्या दिवसापासून दर मंगळवारी ती माझ्या घरी. मी जगूताईंना पत्र टाकलं, तुमची आई ऐकते म्हणून. पुढच्या कार्यक्रमात शेवटी नमस्कार करून ती कानडीत म्हणाली, "ऊटा आतेन यव्वा?" म्हणजे, जेवण झालं का आई? एवढंच. गौरम्मा ट्रान्झिस्टरला म्हणाली, "आत यव्वा, निंदु?" झालं बाळा, तुझं? आमच्यात आई लेकीलाही यव्वाच म्हणते.

तेवीस वर्षांनी दोघी बोलल्या.

गौरम्मा तशी दिवसभर दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापून स्वतः उपाशी झोपणारी बाई. मंगळवारी मात्र बारालाच जेवून घ्यायची. मी चेष्टा करायचो, "अव्वा, आज लई घाई?"

"ती इचारणार की. मी खोटं सांगू व्हय लेकीला?"

चार वर्षं असं चाललं. मग मी घाण केली. ते लपवणार नाही. पंचाहत्तरच्या दिवाळीत मला वाटलं, एवढा चांगला कार्यक्रम, साहेबांना कळवावं. मी तुम्हाला दोन पानी पत्र लिहिलं. कौतुकाचं. शपथ, आई, शेवटचा कानडी प्रश्न, सगळं रंगवून. आमच्या माणसाची ही जुनी खोड. बरं काही झालं की ते वरच्याला सांगायचं, शाबासकी मिळेल म्हणून.

तुमचं उत्तर टाइप करून आलं. "कार्यक्रमातून वैयक्तिक निरोप देणे नियमबाह्य आहे. आपल्या पत्रामुळे ही बाब निदर्शनास आली. आभारी आहोत."

आभारी आहोत! तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

पुढच्या मंगळवारी जगूताईंनी नमस्कार केला आणि लगेच कार्यक्रम संपल्याची सनई लागली. गौरम्मा तोंड उघडं ठेवून बसली. "इसरली आज," म्हणाली.

दुसऱ्या मंगळवारी मी म्हणालो, सेल उतरलेत अव्वा. तिसऱ्या मंगळवारी ती बोलली, "मी एवढी वर्सं तिचं तोंड बघितलं न्हाय. आता तिनं तोंड फिरवलं."  माझं पत्र मी तिला सांगितलं नाही. जगूताईंनाही लिहिलं नाही. मला वाटलं, तुम्ही दम दिला असेल आणि तिनं ऐकलं असेल. नोकरी आहे बाबा.

चौथ्या मंगळवारी गौरम्मा न जेवता आली. मी ताट वाढलं.

"ठेव रं. इचारणारं कोन हाय?"

मग बाकीच्या दिवशीही तिचं खाणं सुटलं. सातव्या मंगळवारी तिला भिंतीला धरून यावं लागलं. ऐकलं, सनई लागली, उठून गेली. गुरुवारी पहाटे संपली.

मी तुमच्या स्टेशनच्या पत्त्यावर तार केली. तार मात्र तुम्ही जगदेवीला पोचवलीत.

आमच्यात गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात. गौरम्मा बसली होती, कपाळभर विभूती, गळ्यात हार. बोळ गच्च भरला होता. निम्मे मयताला, निम्मे नटीचं तोंड बघायला. दुपारी जगदेवी टांग्यातून उतरली. पदर पुढं हनुवटीखालपर्यंत ओढलेला. शेजारची शिवबाई तिचा हात धरून आत घेऊन आली, नाहीतर तिला वाट दिसली नसती.

"पदर काढ की गं," कुणीतरी म्हणालं, "आता काय बघतीया ती?"

"मेल्यावर न्हाय म्हणाली हुती," पदराआडून आवाज आला. तोच मंगळवारचा आवाज. आईसमोर बसून, तोंड झाकलेलंच ठेवून तिनं विचारलं, "ऊटा आतेन यव्वा?"

कुणी रडलं नाही.  कुठंतरी साचा चालू होता तो ऐकू येत होता.

माती देऊन आल्यावर ती मला म्हणाली, "मायाप्पा, परवाच्या कार्यक्रमात सुद्धा इचारलं की रं मी. तिनं काय उत्तर दिलं?"

साहेब, तेव्हा मला कळलं. ती दर आठवड्याला विचारत होती. कार्यक्रम दोन दिवस आधी फितीवर घेतात, हे तिनंच सांगितलं; ती घरी गेली की तेवढं कापायचं, दोन टोकं चिकटवायची. तुम्ही तिला मनाई केली नाहीत. मनाई केली असती तर ती भांडली असती, काम सोडून इथं आली असती, पदर ओढून उंबऱ्यात बसली असती. तुम्हाला भांडण नको होतं. म्हणून सात वेळा गुपचूप.

मी तिला सगळं सांगितलं, माझ्या पत्रासकट. ती रेडिओवर परत गेली नाही. आईच्या खोलीत राहते. माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

माझा गुन्हा मी लिहिला, खाली नाव घातलं. आता तुम्ही लिहा. हातभर लांबीचे ते सात तुकडे कुठं आहेत? कचऱ्यात टाकले असतील तर तसं सांगा. कुठल्या डब्यात पडले असतील तर ते तिचे आहेत, टपालानं पाठवा. आणि नियमाचं कलम मला नको. कापलं ते कापलं, पण तिला सांगितलं का नाहीत? टाइप करून नको. हातानं लिहून उत्तर द्या.