विमलबाईला दाखवायची मॅच

पोपटला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या पेणला ठाऊक. गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी केलेला माणूस. बुबुळ काढताना तेवढा श्वास रोखायचा, एरवी मनात येईल ते फाडकन बोलून मोकळा. कारखान्याचा मालक मिथुनशेठ, पण त्यालाही पोपटने एकदा गिऱ्हाइकासमोर सुनावलं होतं, "शेठ, ही सोंड नाय, दुधी हाय!" अशा माणसावर पोटच्या पोराशी आठ दिवस खोटं बोलायची पाळी आली. देव कोणाची कशी परीक्षा घेईल, काही सांगता येत नाही बघा.

झालं होतं असं. त्याची बायको विमलबाई रोह्याला माहेरी गेली होती, भावाकडे. दुसऱ्याच दिवशी तिच्या छातीत कळ आली. पोपट पेणहून पोचला तेव्हा दवाखान्यात तिला नळ्या लावलेल्या होत्या, पण बाई शुद्धीवर होती. नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "हर्षदला कळवू नका. पोरगं सगळं अर्ध्यावर टाकून येईल. त्याचा तो प्रबंध का काय तो देऊन होऊ दे, मग सांगा."

"काय सांगायचं? तू बरी होणार हायस," पोपट म्हणाला.

"शब्द द्या."

त्याने दिला. शनिवारी पहाटे ती गेली. कुंडलिका नदीच्या काठी तिला पोचवून पोपट परत पेणला आला, तो हा शब्द गळ्यात अडकवूनच.

हर्षद, त्यांचा धाकटा, इंग्लंडात शेफिल्डला शिकत होता. प्रबंध द्यायला दोन-तीन आठवडे उरले होते. आईचा फोन लागेना म्हणून त्याने बापाला फोन केला, तेव्हा पोपटच्या तोंडून कसंबसं निघालं, "रोह्याला मामी पडली, पाय मोडलाय. आई तिचं करायला थांबलेय. आणि तिचा मोबाईल पाण्यात पडला." हे कानावर गेल्यावर मेहुणा रघू उसळला, "भावोजी, माझ्या धडधाकट बायकोचा पाय मोडलात की ओ!" पण त्याची बायको चंद्रावती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मोडू दे, दोन्ही मोडू देत. पोराचं शिक्षण होऊ दे." तेव्हा रघूही रडला.

आठवडाभर नुसते आवाजाचे फोन होते, म्हणून निभावलं. पुढच्या शनिवारी सकाळी हर्षदचा मेसेज आला: मॅचचं तिकीट मिळालं, तुमच्याकडच्या पाचला सुरू होईल, आईला आजच्या दिवस पेणला आणा, आतून व्हिडिओ लावतो.

या मेसेजला पोपटला 'नाही जमत' असं लिहवेना. कारण ही मॅच काही हर्षदच्या एकट्याची नव्हती. आळीतली झाडून सगळी पोरं क्रिकेट खेळायची आणि हा एकटा फुटबॉलवेडा. खेळायला सोबत कोणी नाही, म्हणून विमलबाई पदर खोचून दारात गोलकीपर व्हायची. भाकऱ्या करपल्या तरी चालेल, पण बॉल आत जाता कामा नये. शेजारणी हसायच्या, "अगो, वय काय तुझं!" तो परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर तिने एवढंच सांगितलं होतं, "नुसतं पुस्तकात डोकं घालून बसू नको. ती खरी मॅच एकदा बघ, आणि मला दाखव. एवढी माणसं एका वेळी ओरडली की कसं वाटतं, ते मला ऐकायचंय." वर्षभर कधी तिकिटं संपायची, कधी परीक्षा आडवी यायची. आणि मिळालं कधी, तर आता.

सुरभी, जवळच्या गडब गावात दिलेली लेक, दहाव्यापर्यंत बापाजवळ थांबली होती. ती म्हणाली, "बाबा, उचलूच नका. रेंज नव्हती म्हणून सांगू."

"नाय उचलला तर त्याच्या जिवाला घोर लागंल. तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

मग दोघं तयारीला लागली. विमलबाईचा हार घातलेला फोटो आणि त्याच्यापुढचा दिवा आतल्या खोलीत नेला. पोपटने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सुरभी माहेरी का, असा प्रश्न नको, म्हणून तिने फोनच्या मागं बसायचं ठरलं. 'मामीला ताप भरला, म्हणून आई आली नाय' हे वाक्य तिने बापाकडून तीनदा म्हणून घेतलं, पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तसं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला, पण वाक्य पाठ झालं.

पाचला फोन वाजला. लाल-पांढरा मफलर गुंडाळलेला हर्षद, आणि मागं माणसंच माणसं.

"बाबा! आई कुठाय?"

"मामीला ताप भरला, म्हणून आई आली नाय," पोपट एका दमात म्हणाला.

पोराचा चेहरा एवढासा झाला. "अरे यार... बरं, तुम्ही तरी बघा. तिला सांगा मग." त्याने फोन फिरवला. लावणी झालेल्या शेतासारखं हिरवंगार मैदान, त्यावर इवलीइवली माणसं पळतायत, आणि भोवती नुसता गजर. पोपट बघतच राहिला. "बाबौ! केवढी माणसं रे ही!" असं त्याच्या तोंडून गेलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची शरम वाटली. जिला हे बघायचं होतं ती राख होऊन कुंडलिकेतून वाहून गेली, आणि आपण डोळे फाडून बघतोय.

हर्षदने फोन परत स्वतःकडे वळवला. बोलता बोलता थबकला.

"बाबा, तुम्ही घरी कसे?"

"म्हंजे?"

"गणपती पंधरा दिवसांवर आलेत. आता कारखान्यात असायला हवं ना तुम्ही?"

सगळं झाकलं आणि नेमकं हेच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गणपतीच्या तोंडावर पोपट घरात बसलाय, असं हर्षदने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या बारशालासुद्धा हा माणूस अंगठ्याला सोनेरी रंग लागलेला असतानाच तासाभरासाठी आला होता.

"आज जरा... लवकर सुटलो."

"हात दाखवा."

आता काहीतरी सबब सांगून टाळायचं की नाही! पण पोपटने मुकाट हात वर केला. स्वच्छ. नखांतसुद्धा रंग नव्हता. पेणच्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऐन हंगामात आखणीवाल्याचा हात एकाच कारणाने कोरडा राहतो. सुतकात मूर्तीला शिवायचं नाही, देवाचे डोळे तर उघडायचेच नाहीत.

"बाबा, सुतक कोणाचं?"

फोनच्या मागून सुरभी जिवाच्या आकांताने खुणा करत होती, भावकीतलं सांगा, कोणाचंही नाव घ्या. पोपटने तोंड उघडलं. "आपल्या भावकीत ते..." पुढं नावच येईना. डोळे वाहायला लागले ते थांबेनात.

"आई?" हर्षदने विचारलं.

पोपटने होकाराची मान हलवली. "शब्द मोडला गो विमल," असं पुटपुटला, आणि मग ओरडून म्हणाला, "तिनंच सांगितलं रे, तुला कळवू नको म्हणून!"

त्यातलं पोराला काय ऐकू गेलं, देव जाणे. कारण त्याच घटकेला तिकडे गोल झाला. फोन फुटेल असा गजर उठला. सगळी माणसं ताडकन उभी राहिली, तसा हर्षदही उभा राहिला. त्याचं तोंड उघडं होतं, तो काही ओरडत होता, पण त्या गोंगाटात त्याचा आवाज येत नव्हता. शेजारी पोपटच्याच वयाचा एक गोरा म्हातारा होता. त्याने हर्षदचे डोळे भरलेले पाहिले, त्याला वाटलं पोरगं आनंदाने रडतंय. त्याने त्याला कवेत घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, डोकं कुरवाळलं. आणि हर्षदने त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टाकलं. फोन हातात तसाच वर राहिला होता, त्यात सगळं दिसत होतं.

पोपटने फोनपुढे हात जोडले. "धरून ठेव रे बाबा त्याला. सोडू नको."

एकाएकी गजर खाली आला.

"काय झालं गो?" फोनमागून उठून शेजारी आलेल्या सुरभीला त्याने विचारलं.

"पंचानं गोल बाद केला, बाबा."

म्हाताऱ्याने हात काढून घेतले. मैदानाकडे बोट रोखून कोणालातरी शिव्या घातल्या आणि तो आपल्या जागेवर बसला. भोवतालची सगळीच बसली. हर्षद एकटा उभा राहिला. मागून कोणीतरी त्याच्या पाठीला बोट लावून खाली बसायची खूण केली, आणि तो बसला.