न उतरवलेला नैवेद्य

मित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझ्या जन्मापासून आजवरची हकीकत आपणांसमोर सादर करणार आहे. तीत मी पदरचे काही घालणार नाही, आणि जे दुःखाचे आहे ते दुःखाचे म्हणूनच सांगेन. आपण ती शांत चित्ताने ऐकावी, एवढीच प्रारंभी विनंती.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला जोडून घरच्या घरी खेळ खेळता यावेत म्हणून जी यंत्रे निघाली, त्यांच्या अगदी आरंभीच्या पिढीतला मी. आज माझे अंग म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळे पडले आहे. परंतु जन्मतः मी ताज्या तोफूसारखा पांढराशुभ्र होतो. माझ्या दोन्ही कुशींना दोन पट्ट्या वायरीने बांधलेल्या आहेत. हातात धरून बटणे दाबावयाची ती ह्याच पट्ट्यांवर. एकीवर एक आकडा आहे, दुसरीवर दोन. दोन क्रमांकाच्या पट्टीला एक बारीक जाळी आहे. त्या जाळीपाशी तोंड नेऊन बोलले की बोलणाऱ्याचा आवाज टीव्हीतून बाहेर पडतो. एक क्रमांकाला हे वरदान नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला क्षणभर चालू करून पाहिले. उजेड पडला, वाद्य वाजले, ती मान हलवून "ठीक" म्हणाली आणि लगेच तिने मला खोक्यात निजवले. जगाचे माझे पहिले दर्शन एवढेच. डोळा उघडला न उघडला तोच पुन्हा अंधार. तथापि मी दुःख केले नाही. कोणीतरी मला लवकरच उघडील, अशी माझी खात्री होती.

मी पोहोचलो तो यावाताहामा ह्या बंदराच्या गावी, ओगाता नावाच्या गृहस्थांच्या खेळण्यांच्या दुकानात. माझ्या खोक्यावर आधीच चिठ्ठी चिकटवली गेली : "मिझोबे नोबुहिरो यांच्यासाठी राखीव." दुकानात येणारी मुले खोक्याला नाक लावून उभी राहत, आणि चिठ्ठी वाचली की गप्प होऊन निघून जात. ते गप्प का होतात, हे मला उमगत नव्हते.

एके दिवशी ओगातांनी मला रंगीत कागदात बांधले, फीत लावली आणि स्वतः काखेत मारून मिझोबे यांच्या घरी नेले. मिझोबे यांचे माशाच्या तळलेल्या वड्यांचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. मागच्या दाराशी हिसाएबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातांना पीठ होते.

"वहिनी, रागावू नका," ओगाता म्हणाले. "दुसऱ्याला विकायला मन होईना. पोरगं रोज शाळा सुटली की यायचं. 'काका, आलं का?' मी म्हणायचो, 'आलं की तुझ्या आधी मलाच कळेल रे बाबा.' आता आलंय, आणि…"

हिसाएबाईंनी हात पुसले, दोन्ही हातांनी मला घेतले आणि खाली वाकल्या. त्यांनी मला उघडले नाही. आतल्या खोलीत घरच्या मृतांचा देव्हारा होता. त्याच्यासमोर मला ठेवले, घंटा वाजवली आणि म्हणाल्या,

"नोबु, बघ. तुझं आलं."

तेव्हा मला कळले, की ज्याच्या नावाने मी आलो तो मुलगा फोटोच्या चौकटीत बसला आहे.

मित्रांनो, तिकडच्या घरांत असा रिवाज आहे, की दारी येणारी प्रत्येक नवी वस्तू प्रथम देव्हाऱ्यासमोर ठेवावी. नवा तांदूळ असो, शाळेचे प्रगतिपुस्तक असो, भेट आलेली मिठाई असो. आधी गेलेल्यांना दाखवावयाची आणि मग जिवंतांनी घ्यावयाची. त्यानुसार मीही ठेवला गेलो, आणि आता उतरवतील, मग उतरवतील, अशी वाट पाहू लागलो. रोज सकाळी हिसाएबाई वाफाळता भात वाढून आणीत, हात जोडीत आणि थोड्या वेळाने तो उतरवून स्वतः खात. पीच आले, उतरले. लाल घेवड्याचे गोड मोदक आले, उतरले. माझ्या डाव्या-उजव्या बाजूंनी पदार्थ येत होते व जात होते. मी मात्र तेथेच होतो. उदबत्तीची राख माझ्या फितीवर साचू लागली.

घरात चिआकी नावाची मुलगी होती, नोबुहिरोची धाकटी बहीण. आई दुकानात गुंतली की ती हळूच येऊन माझ्यासमोर गुडघे टेकून बसे आणि फोटोशी बोले. जे काही मला ठाऊक आहे, ते तिच्या त्या बोलण्यातूनच.

"दादा, हे काय रे? तू म्हणालास, मी एक नंबर, तू दोन. मी म्हटलं, नेहमी मीच का दोन? तर तू म्हणालास, अगं वेडे, दोन नंबरमध्येच तर आवाज आहे, एक नंबरवाला मुका असतो. म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर म्हटलंच नसतं. आणि आता तू…"

नोबुहिरोचे हृदय जन्मापासून दुबळे होते. त्याला धावण्याची मनाई होती. शाळेच्या क्रीडादिनी तो सावलीत बसून अख्ख्या वर्गाच्या टोप्या सांभाळीत असे. माझ्याविषयी त्याने बहिणीला सांगितले होते, की त्यातला माणूस कितीही धावला तरी त्याला धाप लागत नाही. मे महिन्यात, मी दुकानात पोहोचण्यापूर्वीच, तो गेला.

"चिआकी! हात लावलास?" दारातून आईचा आवाज आला.

"नाही. नुसती बोलतेय."

"लांबून बोल."

मुलगी उठून गेली. त्या दिवसापासून मला एक भय वाटू लागले. मी बंद राहीन, गंजेन, ह्याचे भय नव्हे. ह्या घरातली एक मुलगी मेली नसताना तिचा खेळ मात्र मेलेल्यांत जमा होईल, ह्याचे.

ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस आले. नोबुहिरो गेल्यानंतरचे ते पहिलेच, म्हणून दारावर पांढरा कंदील लागला. ह्या दिवसांत घरी येणाऱ्या मुलाच्या आत्म्याला घर सापडावे म्हणून दारासमोर काटक्यांचा छोटा विस्तव पेटवला गेला. घरधनी तोकुजी दिवसभर माशाचा खिमा वाटीत होते. त्यांची थोरली बहीण सोनोए उवाजिमाहून आली. येताना तिने भले मोठे कलिंगड आणले होते. तेही माझ्या शेजारी विराजमान झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती देव्हाऱ्यासमोर पंखा हलवीत बसली होती. कलिंगडावर बोट आपटून ती म्हणाली,

"हिसाए, हे उतरव गं. उद्यापर्यंत नासेल."

"उतरवते, वन्सं." हिसाएबाईंनी कलिंगड उचलले.

"आणि हे फीतवालं?"

"ते राहू दे. ते नोबुचं आहे."

"मग कलिंगड कोणाचं होतं? माझं?"

तोकुजी पलीकडून म्हणाले, "अक्का, जाऊ दे ना."

"तू गप रे तोकु. तू तुझे मासे वाट." सोनोएने पंखा खाली ठेवला. तिचा आवाज अकस्मात मऊ झाला. "हिसाए, माझी आई काय सांगायची, ठाऊक आहे? गेलेल्यांना दाखवलेलं उतरवून खायचंच असतं. तसंच ठेवलं तर ते म्हणतात, माझं उष्टं ह्यांना नकोसं झालं. तू त्याला मान देतेयस असं तुला वाटतंय. त्याला काय वाटत असेल?"

हिसाएबाई कलिंगड छातीशी धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या,

"वन्सं, बंद आहे तोवर वाटतं, तो येऊन उघडेल. उघडलं की संपलं."

"आलाय की तो," सोनोए म्हणाली. "तीन दिवस झाले. तुम्ही विस्तव पेटवून बोलावलंत आणि पोराला खेळायला देत नाही, होय? उद्या परत जायचंय त्याला."

सोनोएने दाराआड उभ्या असलेल्या चिआकीला जवळ बोलावले.

"ए ठमे, तुला हवंय का हे?"

चिआकीने आधी आईकडे पाहिले. मग म्हणाली, "मला फक्त दोन नंबर हवाय. एक नंबर दादाचा."

हिसाएबाईंनी कलिंगड खाली ठेवले. त्या माझ्यापुढे बसल्या, घंटा वाजवली, हात जोडले आणि मला उतरवले. फीत त्यांनी कापली नाही, गाठ सोडवली. कागद फाटू दिला नाही, घडी करून ठेवला. खोके उघडले तेव्हा माझ्यातून नवेपणाचा वास निघाला, आणि उदबत्तीच्या वासात मिसळला. मित्रांनो, माझा खरा जन्म त्या वासात झाला, असे मी मानतो.

आता नवा व्हिडिओ गेम प्रथम पाहून त्या घराचे काय मत झाले, तेही सांगतो. तोकुजींनी मासे चिरण्याच्या सुरीच्या टोकाने टीव्हीच्या मागचे स्क्रू सैल केले आणि तारा जोडल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या.

"बिघडवलास ना टीव्ही!" सोनोए म्हणाली. "रात्री माझी मालिका आहे रे मेल्या."

"थांब गं अक्का. चॅनेल बदलायचाय."

चॅनेल फिरवताच निळे आकाश उजळले आणि वाद्य वाजले. तोकुजी दचकून मागे सरकले. सोनोए म्हणाली, "हे काय, कुठे कुस्ती नाही, बातम्या नाहीत. ह्यात बघायचं काय?" परंतु तिने बैठक सोडली नाही.

माझ्या खोक्यात खेळाची कॅसेट एकच होती. तिच्यात दोन लाकूडतोडे एक ओंडका खांद्यावर घेऊन नदीच्या दगडांवरून पलीकडे जातात. पुढला उचलेल तेव्हाच मागल्याला पाऊल टाकता येते. चिआकीने दोन क्रमांकाची पट्टी घेतली. एक क्रमांकाची पट्टी तिने दादाच्या नेहमीच्या बैठकीच्या उशीवर नीट ठेवली.

खेळ सुरू झाला. मागला लाकूडतोड्या ओंडक्याला हात लावून तयार झाला. पुढला नुसता उभा राहिला. नदी वाहत होती. वाद्य वाजत होते. पुढला उभाच होता. मित्रांनो, मी यंत्र आहे. बटण दाबल्याविना मी कोणाला चालवू शकत नाही. माझ्या जन्मात मला स्वतःच्या असमर्थतेची इतकी लाज कधी वाटली नाही.

"बंद कर, चिआकी," हिसाएबाई तोंड फिरवून म्हणाल्या. "पुरे झालं."

चिआकीने बंद केले नाही. तिने पट्टी ओठांशी नेली आणि त्या बारीक जाळीत म्हणाली,

"दादा, चल ना."

टीव्हीतून तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. चल ना. तोकुजींनी मान खाली घातली. सोनोएचा पंखा थांबला. पडद्यावरचा पुढला लाकूडतोड्या तसाच उभा होता.

तेव्हा हिसाएबाई गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या. उशीसमोर त्यांनी नमस्कार केला, "जरा घेते हं," असे हळूच म्हणाल्या आणि एक क्रमांकाची पट्टी उचलली.

"कुठलं दाबायचं?"

"ते लाल उचलायला. आणि हे पुढे जायला. आई, हळू!"

पुढला लाकूडतोड्या धाडकन धावला आणि ओंडक्यासकट, मागल्यासकट, सरळ नदीत पडला.

"बुडवलं गं बाईनं!" सोनोए ओरडली. "पोराच्या पहिल्याच खेळात!"

"मला काय माहीत, इतका पळतो ते!" हिसाएबाई म्हणाल्या, आणि आपल्याच शब्दांवर थबकल्या. मग त्या हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. "पळतो गं, चिआकी. कसा पळतो बघ."

"आई, तू अंग हलवतेस. अंग नाही, बोट हलव!"

त्या दुपारी ते दोघे लाकूडतोडे पुष्कळ वेळा बुडाले. सायंकाळी एकदाचे पलीकडे पोहोचले. तोकुजींनी कलिंगड चिरले आणि सर्वांत मोठी फोड देव्हाऱ्यासमोर ठेवली. थोड्या वेळाने ती उतरवून त्यांनी स्वतः खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आत्म्याला पितरांबरोबर निरोप देऊन परत आल्यावर हिसाएबाईंनी मला पालथे केले. तिकडे शाळकरी मुलांच्या प्रत्येक वस्तूवर आईने नाव घालावयाचे असते. त्यांनी माझ्या तळाशी जाड पेनाने दोन नावे लिहिली. ती आजही पुसलेली नाहीत.

त्यानंतर माझी उमेदीची वर्षे आली आणि गेली. मजहून वेगवान, मजहून देखणी यंत्रे निघाली. चिआकी मोठी होऊन ओसाकाला गेली. मी कपाटात गेलो. वर्षानुवर्षे कोणी मला हात लावला नाही, आणि माझ्या वायरी ताठरल्या. परंतु पितरांच्या दिवसांत ती घरी येते तेव्हा मला खाली काढते. प्रथम मी देव्हाऱ्यासमोर बसतो. आता तेथे तोकुजींचाही फोटो आहे आणि सोनोएच्या नावाने कलिंगड असते. मग मला उतरवतात. हिसाएबाईंची बोटे वाकडी झाली आहेत, तरी एक क्रमांक त्यांचाच. अजूनही त्या अंग हलवतात.

मित्रांनो, आपल्या घरीही एखादी वस्तू कोणाच्या आठवणीसाठी जपून, बांधून ठेवलेली असेल. तिची धूळ पुसा, हे सांगावयास मी आलो नाही. धूळ कोणीही पुसतो. ती उतरवा. तिचा नैवेद्य झाला आहे. आता जिवंतांच्या हातांत ती द्या. वापरून झिजलेली वस्तू गेलेल्या माणसाला दुखवीत नाही. माझ्या एक क्रमांकाच्या लाल बटणावरचा रंग पार उडाला आहे, आणि तो कोणाच्या अंगठ्याने उडाला हे मला ठाऊक आहे, हेच माझे भूषण होय.

येथवर आपण माझे बोलणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. कारखान्याने मला जे नाव दिले होते ते माझ्या अंगावरून केव्हाच झिजून गेले. म्हणून जे तळाशी लिहिले आहे, तेच माझे नाव समजून येथे लिहितो.

आपला नम्र,
मिझोबे नोबुहिरो, चिआकी