काढलेला प्रश्न

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना नवव्या प्रश्नानं माझे चार दिवस खाल्ले. 'घरातलं माणूस समोर बसलेलं असतं, तरी ते तिथे नाही असं वाटतं का?' मुलांचं मन आजूबाजूच्या जगापासून कितपत तुटलंय, ते आम्हाला मोजायचं होतं. लालबागच्या एका शाळेत दहावीच्या बेचाळीस मुलांनी ती भरली. गिरणी संपाला सोळा वर्षं झाली होती. बहुतेकांचे वडील तेव्हापासून घरीच बसलेले. नवव्या प्रश्नाला एकेचाळीस जणांनी 'नेहमी'वर खूण केली.

"हा काढून टाक," आमचे संशोधनाचे सर म्हणाले. "सगळ्यांचं उत्तर एकच. त्यातून आजारी कोण, ते कसं कळणार?"

शास्त्र बरोबर होतं, त्याचाच राग आला. माझे वडीलही असेच दारात बसून बसून गेले. तरी मी प्रश्न काढला.

पंधरा दिवसांनी, उत्तरं तीच येतात का ते तपासायला, त्याच मुलांना प्रश्नावली पुन्हा दिली. तृप्ती परब कागद उलटसुलट करून बघत राहिली.

"बाई, तो बाबांचा प्रश्न कुठे गेला?"

"काढला गं. का?"

"तेवढाच मला येत होता."